चिकटलेल्या कुंड्या

समस्त जनतेला गांभीर्याने कळवते की, माझ्या गुन्ह्याचा पुरावा नांदेडला आमच्या गच्चीवर उघड्यावर पडून आहे: एकमेकींना चिकटलेल्या दोन बोन्सायच्या कुंड्या. त्यांना पाणी घातलं, ओल्या मातीचा वास आला, की लातूरचा तो कुंड्या घडवायला शिकवणारा वर्ग आठवतो. मी आणि माझी धाकटी जाऊ तिथं शिकत होतो. ज्या कुंडीला उत्तम चमक येईल तिच्यात सर आपली जुनी बोन्साय चिंच लावणार होते, आणि बघायचे मात्र जावेच्या निळ्या कुंडीकडे. माझा नुसता जळफळाट. भट्टीत दोन कुंड्यांमध्ये बोटभर जागा सोडा, असं ते बजावून गेले. मी माझ्या कुंडीला गुपचूप ग्लेझचा, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखी चमक देणाऱ्या रोगणाचा, आणखी एक जाड लेप दिला आणि सारखी आच लागणारी मधली जागा मिळावी म्हणून ती जावेच्या कुंडीला खेटून बसवली. भट्टी उघडली तेव्हा ग्लेझ वितळून दोन्ही कायमच्या जोडल्या होत्या. चिंच तिसऱ्याच बाईच्या कुंडीत गेली. "अक्का, तुमची कुंडी इतकी सरकली कशी?" जावेनं विचारलं. 'मला काय माहीत' एवढंच म्हणायला हवं होतं, हे आज सुचतं; तेव्हा मात्र तिच्या बाजूची ती झळझळीत निळाई बघून मी सगळ्यांदेखत बोलून गेले, "एवढं करूनबी तुझीच बाजू चमकून राहिली की गं."