वाढलेली बोटं

माझ्या डाव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं जन्मापासूनच नाहीत. त्यांच्या जागी एक खोल खाच आहे. उजवा हात अगदी चारचौघांसारखा, म्हणजे कंटाळवाणा. असा हात फार क्वचित दिसतो, असं डॉक्टर म्हणायचे. मला तो रोज दिसायचा, त्यामुळे त्यात विशेष काय आहे हे कळायला मला शाळेत जावं लागलं.

शाळेत मास्तरांनी बोटांवर मोजायला शिकवलं. माझी मोजणी सातावर संपायची. पुढची तीन बोटं मी शेजारच्या मुलीकडून उसनी घ्यायची, आणि ती ज्या दिवशी आजारी असे त्या दिवशी माझी गणितं चुकत. पोरं मला 'क्राब' म्हणत. आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत क्राब म्हणजे खेकडा. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी ज्याने हाक मारली त्याच्या दंडाला त्याच हाताने चिमटा काढला. नाव काही सुटलं नाही, पण पुढे सगळे ते जरा लांब उभे राहून घ्यायचे.

आमचं घर लालमती आणि ब्रीझे वेर्दिएर या गावांच्या मधे, तिन्ही बाजूंनी ऊस. आसपास मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणाच्या हाताच्या, ते विचारू नका. आजीची मराठी तिच्या आईबापांनी कोकणातून बोटीतून आणलेली, सगळ्या विधिनिषेधांसकट. बाबांची मराठी मात्र ऊसतोडीत वाढलेली. तिच्यात अर्धं क्रिओल, पाव भोजपुरी, आणि उरलेलं अंदाजाने.

आजीच्या तोंडून 'फुटलं', 'तुटलं', 'संपलं' असले शब्द घरात कधी निघत नसत. तिच्या लेखी नारळ फुटत नसे, तो वाढे. मंगळसूत्र तुटत नसे, वाढे. बांगडी पिचली की तीही वाढलीच. अशुभ बोलू नये म्हणून उलटं बोलायचं, ही आपल्या लोकांची जुनी रीत. आता मी जन्मले तेव्हा आजी दाईच्या मदतीला आत होती आणि बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. आजीने दारातून हाक दिली, "पोरगी झाली रे. डाव्या हाताची बोटं वाढलीत."

बाबांनी ऐकलं ते सरळ अर्थाने. बोटं वाढलीत, म्हणजे जास्त आलीत. सहा बोटांचं माणूस भाग्याचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक. आत डोकावून बघायचंही त्यांना सुचलं नाही. ते तडक कोपऱ्यावरच्या चिन्याच्या दुकानात गेले, मिठाई, बिस्किटं, असतील नसतील ते गोड पदार्थ उचलले आणि सगळ्या वस्तीला वाटत सुटले. "सहा बोटांची लक्ष्मी आलीय," असं घरोघर सांगून संध्याकाळी परतले, दुपटं बाजूला केलं आणि बघतच राहिले.

"तुला सांगितलं होतं की मी," आजी म्हणाली. "वाढलीत म्हणून."

बाबांनी दुपटं परत सारखं केलं. मग म्हणाले, "मला वाटलं, म्हणून मी वाटलं. आता वाटलेलं परत मागू काय?"

ही गोष्ट आमच्याकडे कुणी पाहुणा आला की सांगितली जाई आणि सगळे पोट धरून हसत. मीही हसायची. आई तेवढ्यात उठून चुलीकडे जायची. मला वाटे, तिने ती फार वेळा ऐकलीय.

आई माझा डावा हात पदराखाली घ्यायची. लग्नाला, पूजेला, बाजाराला, कुठेही निघालो की तिचा पदर माझ्या मनगटावर आलाच. गुडलँड्सच्या बाजाराला जाताना ती मला बसमध्ये नेहमी डावीकडच्या खिडकीशी बसवी. मला खिडकी मिळते म्हणून मी खूश. डावा हात पत्र्याच्या बाजूला झाकला जातो, हे मला फार उशिरा उमगलं. घरात मात्र त्याच हाताने मी भांडी घासायची, ब्रेदच्या, म्हणजे पालेभाजीच्या, जुड्या निवडायची, कुणाची काही तक्रार नव्हती.

बाहेर लपवायचं कारण असं की कुठलीही नवी बाई भेटली की हाताकडे एकदा बघे आणि मग आईकडे वळे. "ग्रहणात काय चिरलंस गो?" गरोदर बाईने ग्रहणात विळीला हात लावला की पोराला व्यंग येतं, हे सगळ्यांना माहीत. जणू मी म्हणजे आईने अर्धवट चिरलेला लाल भोपळा! आई खाली बघून पुटपुटायची, "आठवत नाही." मला त्या बायकांचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्या 'आठवत नाही'चा त्याहून जास्त यायचा.

मी सोळा वर्षांची असताना माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं. लग्नाआधी घरातल्या सगळ्या बायका-मुलींनी हिरव्या बांगड्या भरायच्या. आजवर मी फक्त उजव्या हातात भरत आले होते. या वेळी मी ठरवलं की भरायच्या तर दोन्ही हातांत, नाहीतर एकातही नाही. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लग्नघरात तमाशा नको. डावा पदरात ठेव, बाय." मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे मी ऐकणार नाही, हे खरं म्हणजे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

काकांच्या व्हरांड्यात बांगडीवाली टोपली घेऊन बसली. भोजपुरी बोलणारी, पान खाणारी जाडजूड बाई. तिने एकेकीचा पंजा दाबून, पिळून असा काही बारीक केला की नवरी मुलगी "आयो, आयो" म्हणून ओरडली. माझी पाळी आली. आई माझ्या डाव्या बाजूला पदर घेऊन तयारच होती. मी उजवीकडून वळसा घेऊन बसले आणि डावा हात पुढे केला.

बांगडीवाली क्षणभर थांबली. मग तिने चार बांगड्या एकदम घातल्या, आणि त्या दाबावं न लागता सुळकन मनगटात गेल्या. ती खूश होऊन म्हणाली, "अरे, ई हाथ त मख्खन बा!"

सगळा व्हरांडा हसला. मला इतका आनंद झाला की मी हात उंच करून सगळ्यांना दाखवला, आणि खाली आणताना बांगड्या आल्या वाटेने परत निघाल्या. घालायला सोपं ते निसटायलाही सोपं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. चारही सिमेंटवर पडल्या. त्यातली एक पिचली.

"वाढली!" काकूची म्हातारी थोरली बहीण छातीला हात लावून म्हणाली. "लग्नघरात, पहिल्याच दिवशी!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. (माझ्या चुलतबहिणीचा संसार पुढे छान झाला, नवरा घोरतो एवढीच तिची तक्रार असे. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?) म्हातारीने माझा हात एकदा निरखला, आणि आता ती काय विचारणार हे मला आधीच कळलं.

"ग्रहणात काय चिरलंस गो तू?"

मी आईकडे बघितलं. आई खाली बघत नव्हती.

"आठवतं की!" ती म्हणाली. "ब्रेद चिरली, भेंडी चिरली, कांदे चिरले. ग्रहण होतं का नव्हतं मला काय ठाऊक, घरात खाणारी सात तोंडं होती. तुम्ही आला होता काय चिरून द्यायला?"

म्हातारीने आपल्याच बांगड्या मागे सारल्या. आईने मांडीवरचा पदर खांद्यावर टाकला आणि बांगडीवालीला म्हणाली, "लहान पोरींच्या काढ. पाच-सहा वर्षांच्या पोरीला होतात, त्या." बांगडीवालीने टोपलीच्या तळातून त्या इवल्याशा हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझ्या हाताकडे सरकली. आईने त्या तिच्याकडून काढून घेतल्या. "हा मी भरते."

तिने माझा अंगठा आणि करंगळी एकमेकांवर दुमडली, खाचेत आपलं बोट घालून हात आवळला आणि बांगडी रेटली. सांध्यापाशी असं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरी, मग तिसरी. एकही सैल नव्हती, एकही अडकली नाही. मी हात झाडून बघितला. त्या वाजल्या आणि जागच्या जागी राहिल्या.

बायका पुन्हा बोलू लागल्या, बांगडीवालीने पुढचीला बोलावलं. मी मात्र आईकडे बघत राहिले. जाणत्या वयाची झाल्यापासून तिने माझा हा हात कधी हातात घेतलेला मला आठवत नव्हता. पदराखाली, हो. मनगटाला धरून ओढत, हो. पण असा नाही.

"तुला माप कसं कळलं?" मी विचारलं.

"तू झोपलीस की धरते की," ती हळूच म्हणाली.

"लहानपणी?"

"काल पण."

मला इतका राग आला की काय सांगू. एवढी वर्षं मी शेजारी पडलेली, आणि ही बाई माझा हात चोरून धरते, जणू तो माझ्यासमोर धरायला बंदी होती! आणि त्या रागाखाली दुसरंही काही होतं. मी म्हटलं, "मग दिवसा धर ना."

आतून काकूने तिला पुऱ्या लाटायला हाक मारली. मग परत मारली. आई दोन्ही वेळा "येते" म्हणाली, आणि माझा हात मांडीवर घेऊन सगळ्यांच्या देखत तशीच बसून राहिली.