मांडीवरचा वरवंटा

बारशाला बाळाच्या आधी वरवंटा नटतो. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बायका तो पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात. मग बाळाची पाळी. आमच्या घरात त्यानंतर तो वरवंटा मूल नसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवतात. लग्नानंतर प्रत्येक बारशाला ती बाई मीच होते.

कराडच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं, कमी यांच्यात आहे. कडेगावला परतताना हे गाडी चालवत होते आणि दोन्ही बाजूंनी ऊस सरकत होता. लोकांना कळलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, या भीतीनं यांची झोप उडाली. मी म्हटलं, राहू दे, बोल माझ्यावर येऊ दे. बोलून तर बसले, पण तेव्हापासून बारशाचं आवतण आलं की मी न जायचं निमित्त शोधू लागे.

धाकट्या जावेच्या मुलाचं बारसं होतं. सासूबाईंनी वरवंटा मांडीवर ठेवला आणि मला गुंगी आल्यासारखं झालं. आधी तो गार लागला, मग माझ्याच अंगानं हळूहळू ऊबदार झाला. बायकांचं गाणं कुठूनतरी लांबून येत होतं. माझी मांडी आपोआप हलू लागली. दगडाला जोजवते म्हणून कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. मला फार बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

“आता तरी हिची कूस उजवू दे रं देवा,” सासूबाई म्हणाल्या.

हे दारात उभे होते. बारशाच्या बायकांत पुरुष शिरत नाहीत, पण हे आत आले आणि माझ्याशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.

“आई, त्यो माज्या मांडीवर ठेव. कमी हिच्यात न्हाई, माज्यात हाय.”

गाणं थांबलं. सासूबाईंनी वरवंट्याला हात लावला नाही. यांनी दोन्ही हात पुढे केले. शेवटी मीच वरवंटा उचलून यांच्या मांडीवर ठेवला.

“एवढा जड असतोय व्हय ह्यो?” यांनी मला हळूच विचारलं.

मला यांची इतकी माया आली, की सगळ्यांदेखत मी यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.