टोपीएवढं कारंजं

ऊस गाळला की चिपाड उरतं आणि नोकरी संपली की किस्से उरतात. संगमनेरकडच्या एका साखर कारखान्यात मी ज्युनिअर इंजिनिअर होतो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. तिथल्या एका कारंज्यानंच इतके किस्से दिलेत, की मशिनरीचे सांगायला कधी वेळच मिळाला नाही!

आमचे चेअरमन अण्णा म्हैसूरची कारंजी बघून आले आणि गेस्ट हाऊससमोर कारंजं हवं म्हणून हटून बसले. चीफ इंजिनिअर लिमये साहेबांनी विचारलं, "अण्णा, पाणी किती उंच उडवायचं?"

"लई उंच!"

"लई म्हणजे किती? त्यावर पंप ठरतो."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि जीव खाऊन वर भिरकावली. ती समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्याला अडकली. "तेवढं!"

शिपाई काठी घेऊन धावला. लिमये साहेब ओरडले, "टोपीला हात लावू नका! आधी मोजू द्या!"

*

मग साहेबांचा स्लाइड रूल निघाला. पाणी टोपीपर्यंत चढायला नोझलमधून किती वेगानं सुटायला हवं, त्या वेगानं मिनिटाला किती पाणी लागेल, पाइपातल्या घर्षणात किती जोर वाया जाईल... सगळं मांडून त्यांनी पाच हॉर्सपॉवरचा पंप काढला.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, वर गेलेलं पानी खाली येतंय न्हवं?"

"येतं की."

"येताना जोर लागतो का?"

"नाही."

"मग निम्माच पंप घ्या की!"

साहेबांनी स्लाइड रूल खिशात ठेवला आणि चहा मागवला.

*

पंप येण्याआधी नोझल तपासायचं म्हणून आम्ही ते आगीच्या बंबाला जोडलं. पाणी झकास उडालं! पण वारा सुटला आणि सगळी धार शेजारच्या गच्चीवर. तिथं लिमये वहिनींच्या कुरडया वाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंग डिपार्टमेंट गच्चीवर, हातात सोऱ्या. साहेब घामाघूम झाले होते, तरी चेहरा एकदम उजळला. "हे बघ! चकतीची भोकं बारीक, म्हणून दाब जास्त लागतोय. नोझलचं तत्त्व नेमकं हेच..."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तत्त्व राहू द्या. दाबा!"

*

पंप आला, बसला. अण्णा हौसेनं खुर्ची टाकून समोर. बटण दाबलं तर पाणी जेमतेम वीतभर वर आलं आणि गुळगुळ करत बसलं.

"साहेब, ह्येला पडसं झालंय का?"

आमचे इलेक्ट्रिशियन बाबूभाई खाली वाकले. "अण्णा, मोटर उलटी फिरतीय. दोन वायरी इकडच्या तिकडं केल्या की सुलटी!"

त्यांनी केल्या. पाणी सणकन लिंबाच्या शेंड्याला भिडलं!

अण्णा खूश. "दोघांना इकडचं तिकडं केलं की कारभार सुलटा फिरतो, ह्ये मला इलेक्शनपासनं ठावं हाय. पर पंपालाबी तोच नियम?"

*

उद्घाटनाची तारीख ठरली आणि त्या वर्षी नेमका पाऊस फिरकलाच नाही. शेजारच्या वाडीची विहीर आटली. लिमये साहेब म्हणाले, "अण्णा, आत्ता नको. लोक काय म्हणतील?" पण मुंबईचे मोठे पाहुणे शब्द देऊन बसले होते. कारंज्याचा हौद आमच्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरला, समोर दोन खांबांना लाल रेशमी फीत बांधली, आणि पाहुण्यांची गाडी फाट्यावर दिसताच साहेबांनी मला खूण केली. मी बटण दाबलं.

ती धार वाडीतून दिसली.

आम्ही गाडीपाशी हार घालण्यात गुंतलो होतो. पाठीमागं भांड्यांचा खणखणाट झाला. वळून पाहिलं तर सगळी वाडी हौदात वाकलेली! कुणी कळशी बुडवतंय, कुणी घागर. लिमये साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "पंप बंद कर, खाली पाणीच उरलं नाही."

पाहुणे कात्री घेऊन दोन खांबांमध्ये उभे राहिले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "फीत कुठं आहे?"

तेवढ्यात भरला हंडा डोक्यावर घेऊन एक म्हातारी त्यांच्या समोरूनच निघाली. हंड्याखाली लाल रेशमी चुंबळ!

"आजी," पाहुणे म्हणाले, "ती फीत मला कापायची आहे."

म्हातारी थांबली. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काप की बाबा. पर आदी ह्यो हंडा घरापत्तोर पोचीव!"