शेडी काढायला कोणी सांगितलं

ज्या सकाळी मी वाडा सोडला, त्या सकाळी मला बसपर्यंत पोचवायला एकटे बाबा आले. वाडा म्हणजे आमच्याकडे वस्ती. डिचोलीपासून बसने तासभर, डोंगराला टेकून अकरा घरं. तिथून कोणी नुसतं म्हापशाला बाळंतपणाला निघालं तरी अकराही घरं रस्त्यावर येऊन उभी राहत आणि बस सुटेपर्यंत सल्ले संपत नसत. माझ्या वेळी शेजारच्या शेवंती काकीने आम्हाला येताना पाहिलं आणि जनेल, म्हणजे आमची खिडकी, लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज मी ऐकला. बाबांनीही ऐकला असणार. पण ते माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तसेच चालत राहिले आणि म्हणाले, "वास्कोंत उदक खारें आसता म्हण्टात. पयलीं चाखून पळय."

गाव सोडताना डोळे भरून आले असं सगळेच लिहितात. माझे कोरडे होते. बस वळणावर आली आणि मला चक्क हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण आज लाज बाळगून चालणार नाही. वाडा त्या दिवसांत बाबांवर रागावला होता, आणि राग चुकीच्या माणसावर होता. हे ठाऊक असलेली माणसं दोनच, बाबा आणि मी. बाबा मागच्या श्रावणात गेले. त्याला आता वर्ष होत आलं. म्हणून अठरा वर्षांनी मी हे तुम्हाला लिहिते आहे. वाड्यावर उरलेल्या दोन घरांना, आणि मये, आमोणे, म्हापसा, वास्को असे पांगलेल्या बाकी सगळ्यांना.

तुमच्या मुलांना वाड्याबद्दल तुम्ही काय सांगता ते मी ऐकलं आहे. फणस, नाल्यातले खेकडे, शिगम्याचे ढोल. सांगा, खोटं नाही ते. पण तुळशीची पानं बारा महिने धुळीने तांबडी असायची हेही सांगा. डोंगराच्या पलीकडे खाण होती. ट्रक सकाळी सातला सुरू व्हायचे ते दिवे लागेपर्यंत. शाळेत जायचं तर त्या ट्रकांच्या मधून. पावसात खाणीचा चिखल वाहून खालच्या शेतात बसायचा आणि भात अर्ध्यावर पिवळं पडायचं. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक माणूस खोकायचा. माझी आई मी नववीत असताना तापाने गेली. डॉक्टर डिचोलीला होता, आणि त्या दिवशी ट्रक रस्त्यात आडवा पडल्यामुळे बस आलीच नाही. तिला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवून चौघांनी उचलून नेलं होतं. अर्ध्या वाटेवरून परत आणलं.

आणि पाणी. सगळ्या वाड्याला एक विहीर. पलीकडे खड्डा जसजसा खोल गेला तसा कंपनीने पंप लावून त्यातलं पाणी उपसायला सुरुवात केली आणि आमची विहीर वर्षागणिक खाली जाऊ लागली. माझ्या लहानपणी मे महिन्यातही तिच्यात दोन पुरुष खोल पाणी असे. मी चोवीस वर्षांची होईपर्यंत मार्चमध्येच कळशी तळाला घासू लागली. कंपनीचा टँकर एक दिवसाआड यायचा. यायचा म्हणजे चालकाच्या मर्जीने. त्याच्या नळीपाशी आम्ही बायका कशा भांडायचो ते आठवून बघा. एकदा मी शेवंती काकीची कळशी लाथेने उडवली होती. जिने आईच्या मागे मला दोन वर्षं जेवू घातलं, तिची कळशी. त्याच वर्षी मला बघायला येणाऱ्या तिसऱ्या स्थळाने दारातूनच पाय काढला. काकीच म्हणाली होती, "उदक ना थंय सोयरीक कोण करतलो?"

बाबा विहिरींचे जाणते होते. वैशाखात विहिरीचा गाळ काढायचा आमच्याकडे नेम आहे. तेव्हा आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांवरून त्यांना बोलावणं येई. विहिरीच्या काठावर नारळ ठेवायचा, पहिला माणूस म्हणून बाबांनी उतरायचं, आणि ते सांगतील तिथवरच गाळ काढायचा. विहिरीच्या तळाशी शेडी असते. पांढरट, ओल्या साबणासारखी चिकणमाती. ती लागली की काम थांबलं. बाबा ती पायाने चापून बसवत, वर येत आणि मगच नारळ फुटे. शेडीला हत्यार लावायचं नाही. का, ते कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. मी बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली, वाड्यावरची पहिली. पाणी खाली गेलंय तर आपणही खाली जायचं, इतकं सरळ गणित या लोकांना कसं कळत नाही, असं मला वाटायचं.

त्या वैशाखात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे ते पंधरा दिवस मयेला आत्याकडे राहिले. इकडे गाळ काढायचे दिवस आले. मी मयेला गेले आणि त्यांना विचारलं, यंदा शेडी काढून हात-दीड हात खाली जाऊ का? आत्या न्हाणीत होती. बाबा डोळ्याला हिरवा कपडा बांधून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "शेडी लागली काय पिकास वयर. म्हाताऱ्यांनी उगीच सांगूंक ना, बाये." शेडी लागली की कुदळ वर घ्यायची, म्हणजे नकोच.

मी संध्याकाळच्या बसने परत आले. विहिरीपाशी चार बाप्ये वाट बघत होते. मी त्यांना म्हणाले, बाबांनी सांगितलंय, शेडी काढा, दीड हात खाली जा.

इतकंच. याच्यात कुठलीही गडबड नव्हती, गैरसमज नव्हता. त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं, नक्की? मी म्हणाले, नक्की. बाबांचं नाव घेतलं नसतं तर त्यांच्यातला एकही जण शेडीवर घाव घालायला तयार झाला नसता. मला ते माहीत होतं, म्हणूनच घेतलं. मला माझं खरं करून दाखवायचं होतं. पाणी लागलं की बाबा रागावणार नाहीत, उलट चारचौघांत माझं कौतुक करतील, असंही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेडीचे पांढरे गोळे काठावर साचले. संध्याकाळी तळात वीतभर पाणी होतं. मी सगळ्यांकडे बघून हसले. सकाळी विहीर कोरडी होती. खालच्या जमिनीतलं पाणी खाणीने आधीच शोषून घेतलं होतं. शेडी म्हणजे मडक्याचं बूड, आणि मडक्यात जे चार घोट उरले होते ते त्या बुडामुळेच उरले होते. विज्ञान शिकलेल्या मला हे सुचलं नाही. डोळा बांधलेल्या माणसाला माहीत होतं.

बाबा आले तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी काठावर उभं राहून कळशी सोडली. ती दगडावर आपटल्याचा आवाज आला. बाजूला सगळे उभे होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "तुमी सांगिल्लें तशेंच केलें आमी." बाबांनी मान माझ्या दिशेला वळवली. मी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, "हय. हांवें सांगिल्लें." आणि मला, "तूं जेवलें गो?"

पुढचे आठ दिवस ते रोज विहिरीत उतरत होते. काढलेली शेडी भिजवून, मळून तळाला चापत होते. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलेला माणूस चिखलात वाकून बसलेला, आणि मी वरून टोपल्या सोडते आहे. एकदा फुटलेली शेडी पुन्हा धरत नाही. त्या डोळ्याची दृष्टी पुढे नीट आलीच नाही.

तरीही गोष्ट इथे संपली असती. पण वाड्याने त्याआधीच वरती अर्ज केला होता, की खाणीच्या उपशाने विहिरी आटतात. त्याची पाहणी जूनच्या तोंडावर आली. दोन साहेब, एक कंपनीचा माणूस. कंपनीचा माणूस हुशार. त्याने काठावरचा पांढरा चिखल बोटाने उचलला आणि अगदी अदबीने विचारलं, हा तळ कोणी फोडला? सगळे बाबांकडे बघू लागले. एक हो की नाही, यावर अकरा घरांचं पाणी अडलं होतं. मी खरं बोलले असते तरी तळ फुटलेलाच होता, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. पण निदान एका अडाणी पोरीचं काम म्हणून ते गेलं असतं. जाणत्याने फोडला म्हटल्यावर कागदावर वजन पडलं. बाबा म्हणाले, "हांवें सांगिल्लें. दुसऱ्या कोणाचो संबंद ना." अहवालात आलं की विहीर ग्रामस्थांच्याच चुकीने कोरडी पडली. चूक तुमची म्हटल्यावर टँकरही बंद झाला. उपसा चालूच राहिला.

घरी येताना मी रडत होते. बाबा म्हणाले, "तुका फुडें वचपाचें आसा. म्हाका आतां खंय वचपाचें?" पुढे जायचं होतं ते मला, त्यांना नाही.

त्या पावसाळ्यानंतर पाणी आणायला खाली नाल्यावर जावं लागायचं, घसरणीची वाट. शेवंती काकीची सून सातव्या महिन्यात दोन कळश्या घेऊन त्या वाटेवर पडली. मूल गेलं. काकीचा मुलगा बायकोला घेऊन म्हापशाला गेला तो कायमचा. मग एकेक घर उठलं. बाबांना विहिरीसाठी कुठूनच बोलावणं येईना. ते रस्त्याने निघाले की ओट्यावरची बोलणी थांबत. मी ते बघत होते. बघवेना, म्हणून मला वास्कोला नोकरी मिळाली तेव्हा मी दुसऱ्या आठवड्यात निघाले. मी पोटासाठी गाव सोडलं असं सगळ्यांना सांगत आले. मी पळाले.

वास्कोत एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात लागले. नदीतून बार्ज भरून खनिज यायचं, बंदरातल्या जहाजावर चढायचं, त्याचे कागद माझ्या टेबलावर. आमचाच डोंगर होता तो. मी त्यावर शिक्के मारले, संध्याकाळी पाववाल्या पोदेराकडून गरम उंडे घेतले आणि घरी गेले. लग्न झालं, मुलगी झाली. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सोसायटीची टाकी, नळाला दोन वेळ पाणी. इथे जनेलावर तांबडी नाही, कोळशाची काळी धूळ बसते. मुलगी दात घासताना नळ वाहता ठेवते. मी तिच्यावर अशी ओरडते की नवरा चकित होतो. त्यालाही मी कारण सांगितलेलं नाही.

बाबा वाड्यावरच राहिले. शेवटचे तीन महिने तेवढे माझ्याकडे काढले. एका दुपारी मी विचारलं, बाबा, मी वाड्यावर खरं सांगू का? ते भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "हांव आसा मेरेन नाका. मागीर तुजें तूं पळय." ते असेपर्यंत नको, नंतर माझं मी बघावं, हे ते रागाने म्हणाले नाहीत. इतकी वर्षं जे वाहिलं ते आयुष्याच्या शेवटाला कोणी खांद्यावरून उतरवून घ्यावं, हे त्यांना नको असावं. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना मला समजावत बसावं लागलं असतं.

आता खाण बंद आहे. खड्डा पाण्याने भरला आहे, हिरवं, खोल, कोणाच्या उपयोगाचं नाही. विहिरीवर जाळी टाकली आहे. वाड्यावर पाइपचं पाणी आलं, ते प्यायला दोन घरं उरली. गेल्या महिन्यात मी घर उघडायला गेले होते. शेवंती काकीने हाक मारली. जिने माझ्याकडे पाठ फिरवली होती, तिने ओट्यावर बसवलं, पेला भरून आणला आणि म्हणाली, "बापायन तुज्या एक चूक केली, बाये. पूण मनीस बरो आशिल्लो. पी उदक."

मी मान हलवली आणि प्यायले. तिने मेलेल्या माणसाला माझ्या चुकीची माफी दिली आणि मी ती गटकन पिऊन टाकली. परतीच्या बसमध्ये स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

घर म्हणजे काय, असं मला विचाराल तर वास्कोचा फ्लॅट नव्हे आणि वाड्यावरचं कुलूप लावलेलं घरही नव्हे. माणसं तुम्हाला तुम्ही आहात तशी ओळखतात आणि तरी बस म्हणतात, ती जागा घर. अशी जागा मला अठरा वर्षांत कुठेच नव्हती, कारण मी कुणाला ओळखूच दिलं नाही. तर आता ओळखा. शेडी काढायला बाबांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी नको म्हटलं होतं.

काकीला वाचता येत नाही. येत्या रविवारी मी हे तिच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवणार आहे. त्यानंतर तिने पाणी विचारलं तरच पिईन.