बाबांच्या फोटोची काच

विनूदादाशी मी एकदाच खोटं बोललो, तेही एका काचेबद्दल. काही आठवड्यांपूर्वी तो गेल्याचा फोन आला, तेव्हा दुःखाआधी मला ती काचच आठवली... असं का व्हावं, हे अजून उमगलेलं नाही.

दादा माझा चुलतभाऊ. ट्रॉम्ब्याला प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेला. रेडॉनचा त्याला नाद होता. जमिनीतून, भिंतींतून हा वायू घरात झिरपतो आणि त्यातून निपजणारे किरणोत्सारी कण पंख्यावर, भांड्यांवर, काचेवर बसतात, असं तो सांगे. "पुसल्यावर धूळ जाते रे, काचेत रुतलेलं नाही जात." म्हणून वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहिलेल्या काचा तो नातेवाइकांकडे शोधत फिरे. त्यांवर खास प्लॅस्टिकचा छोटा तुकडा चिकटवी, काही आठवड्यांनी काढून नेई आणि त्यावर उमटलेल्या खुणा भिंगाखाली मोजी. त्यावरून त्या खोलीची जुनी हवा कळे.

नाहूरच्या आमच्या घरी त्याने बाबांचा फोटो निवडला. "काच तीच मां रे?" त्याने आमच्या मालवणीत विचारलं. आई शेजारीच बसली होती. घराच्या रंगकामात तो फोटो माझ्या हातून पडला होता. गेलेल्या माणसाच्या फोटोला तडा गेला हे कळतं, तर आईने जिवाला घोर लावून घेतला असता. म्हणून मी गुपचूप काच बदलून आणली होती. "तीच," मी म्हणालो.

काही आठवड्यांनी त्याने मोजलं, तर त्याच खोलीतल्या कपाटाच्या जुन्या आरशावरच्या तुकड्यावर खुणाच खुणा, फोटोवरच्या तुकड्यावर जवळजवळ नाहीत. दादा चक्रावला. "एका खोलीत दोन हवा भरल्यास की काय?" असं हसत म्हणाला, पण पुन्हा तुकडा चिकटवून गेला. पुन्हा तेच. मी आधी आईसाठी गप्प राहिलो. आई गेल्यावर कोणासाठी, ते सांगता येत नाही... अखेर दादाने सगळी मोजणीच थांबवली. आपलाच हात आता चुकतो, असं तो वहिनींना म्हणाला होता.

परवा मुलुंडला वहिनींकडे गेलो. दादाचा दाढीचा आरसा भिंतीवर तसाच होता आणि त्याच्या कोपऱ्यात तसलाच एक तुकडा. मोजणी थांबवली होती ना त्याने? मग हा कधीचा?

"भाऊजी, हा काढायचा कधी?" वहिनींनी विचारलं. "मला काही सांगून नाही गेले."

मलाही ठाऊक नव्हतं. आरशात माझाच चेहरा, मागे दारात वहिनी. कोणाला सांगतोय, हे कळायच्या आत बोलून गेलो.

"दादा, ती काच मी बदलली होती. तुझा हात चुकला नव्हता. मला माफ कर."