टेपवर न आलेली गोष्ट

मी बंद पडलेल्या मिलच्या फाटकावर युनियनची पत्रकं वाटायचो, तेव्हा दर गुरुवारी विद्यापीठातली एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन यायची. माणूस नवी भाषा कशी शिकतो, हे तिचं संशोधन. मिल बंद पडून घरी बसलेले एक विणकर काका चौकीदारीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी शिकत होते. ती दर वेळी त्यांना तेच प्रश्न विचारायची, चूक सुधारायची नाही, नुसती टिपून घ्यायची.

महिनाभर काका सुधारले आणि मग एकाएकी अडखळू लागले. मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती. मी भडकलो. "मॅडम, इथे लोकांची रोजी गेलीय आणि तुम्ही चुका गोळा करताय!"

"भाषा सरळ रेषेत वाढत नाही," ती शांतपणे म्हणाली. "झेप घ्यायच्या आधी ती डळमळते."

काका हसले. "डळमळत-बिळमळत काही नाही, मॅडमजी. लूमच्या खडखडाटात ऐकू कुठे यायचं? तीस साल आम्ही ओठ बघून बात समजत होतो. पहले तुम्ही समोर बघून बोलायच्या, आता वहीत बघता, ओठच दिसत नाहीत."

तिने टेप बंद केला. बोटं बटणावरच राहिली. "इतक्या कॅसेट भरल्या," ती म्हणाली, "आणि हे एकीतही नाही."

"पण कल मुलाखत घेणारा साहेबपण कागदात बघून बोलला तर?" काकांनी मला विचारलं.

मी हातातल्या पत्रकांकडे बघितलं. तिने वही पिशवीत कोंबली.

"काका, उद्या किती वाजता निघायचं आपण?"