भोपळ्याला चुन्याची निवळी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, ते सांभाळून घ्यावं.

आज सकाळी परसात सासूबाई शेजारच्या काकूंना आमचा भोपळा दाखवत होत्या, तेही सरळ बोट करून. वाढत्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, असं त्याच सांगायच्या. गेल्या वर्षी एकेक भोपळा टोकाशी काळा पडला, तेव्हा त्यांनी सगळ्या आळीला बोल लावला. खतवाला म्हणाला, कॅल्शियम कमी पडलं. मला आठवलं, मी पोटुशी असताना आई चुना भिजवून वरचं निवळ पाणी मला द्यायची. यंदा तीच निवळी मी वेलीच्या मुळाशी घातली.

"आता वेलीचं डोहाळजेवणही कर!" सासूबाई हसल्या होत्या.

आज तो भोपळा दोघींच्या कवेत मावत नाही. एवढं मोठं होणाऱ्यालाही आतून चिमूटभर आधार लागतोच.

"काय घातलंत हो याला?" काकूंनी विचारलं.

"मला काय विचारता? जिनं वाढवलाय तिला विचारा."

कुणी आलं की मी दाराआड होते. आज पुढे झाले आणि सगळं मोठ्यानं सांगितलं.